पुरात गाव ३-४ दिवस तुटलं, तर पाणी आणि लाईट कशी भागवायची? (जळगाव, तापीकाठ)

तापीकाठ_यावल
मंडळी, पावसाळ्याआधीच विचारून ठेवतो. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे पूर्ण उघडले की आमच्या नाल्यात तापीचं पाणी उलटं चढतं आणि फरशी पूल बुडून रस्ता बंद होतो. नळयोजनेची जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) नदीतच आहे. स्टार्टर आणि पॅनल बोर्ड पाण्यात गेला की नळ बंद. खालच्या आळीतले साधारण ३०० लोक जि. प. शाळेत येतात. शाळा उंचावर आहे, आवारात २००० लिटरच्या दोन प्लॅस्टिक टाक्या आहेत. गावात ठिबकचं सामान घरोघरी, पूररेषेच्या वर शेतात ५ एचपीचे सौरपंप आहेत, तीन-चार घरांवर रूफटॉप सोलारही आहे. ग्रामपंचायतीकडे टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) पिशवी असते, पण ती कधीची आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

प्रश्न असे: या लोकांना पाणी किती लागेल? गढूळ पाणी स्वच्छ करायची खात्रीची पद्धत कोणती? आणि लाईट नसताना सोलारवर काय काय चालेल? एक जण आरओ मशीन देणगी द्यायला तयार आहे, ते घ्यावं का?

गाळ_आणि_क्लोरीन
आरओचं आधी सांगतो: नको. पुराच्या पाण्यातल्या गाळाने मेंब्रेन (आतला गाळणीचा पडदा) दोन दिवसांत चोंदतो. तोवरही निम्म्याहून जास्त पाणी वाया जातं, शिवाय त्याला पक्का वीजदाब लागतो. आरओ क्षार काढायला असतो. पुरात तुमची अडचण गाळ आणि जंतूंची आहे. देणगीदाराला टाक्या, नळाच्या तोट्या, झाकणाचे कॅन आणि क्लोरीन तपासायचं किट द्यायला सांगा.

पाण्याचा हिशोब. आपत्तीत माणशी रोज १५ लिटर हे जगभर धरलं जाणारं किमान माप आहे. ३०० माणसांना ४५०० लिटर. पण सगळं पाणी एकाच दर्जाचं करायच्या मागे लागू नका. पिणं, स्वयंपाक आणि भांडी मिळून माणशी ७ लिटर धरा, म्हणजे २१०० लिटर. एवढं काटेकोर शुद्ध करायचं. अंघोळ, कपडे, संडास यांना निवळलेलं पाणी चालतं. या दोन पाण्यांच्या तोट्या वेगळ्या जागी आणि वेगळ्या रंगाच्या हव्यात, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी घोळ होतो.

आता गढूळपणा. आपल्याकडची काळी माती पाण्यात आपोआप बसत नाही. तिचे कण फार बारीक असतात, त्यांच्यावर ऋण भार असतो आणि ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. टाकी रात्रभर ठेवली तरी सकाळी पाणी चहाच्या रंगाचंच दिसतं. तुरटी तो भार मोडते, कणांचे गोळे होतात आणि खाली बसतात. तुरटी घरात फिरवतात तशी अंदाजाने फिरवू नका, मोजून टाका:

१० ग्रॅम तुरटीची पूड १ लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम तुरटी असते. एक लिटरच्या चार पारदर्शक बाटल्यांत तेच गढूळ पाणी भरा आणि त्यांत ३, ५, ८ आणि १० मिली द्रावण टाका. मेडिकलमधली सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज यासाठी पुरते. एक मिनिट जोरात हलवा, मग दहा मिनिटं अगदी हळू फिरवा आणि अर्धा तास ठेवा. ज्या बाटलीत कमीत कमी तुरटीत पाणी नितळ झालं, तोच डोस. समजा ५ मिलीची बाटली नितळ झाली, तर तो लिटरला ५० मिलिग्रॅम डोस झाला, म्हणजे २००० लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम. जास्त टाकून जास्त स्वच्छ होत नाही. उलट गोळे फुटतात आणि पाणी आंबट-तुरट लागतं. पुराची गढूळता दर काही तासांनी बदलते, म्हणून ही चाचणी प्रत्येक नव्या भरण्याला करायची.

टाकीत मात्र हळू ढवळण्याचा कंटाळा केला की सगळं फसतं. बांबूला फळी ठोकून दहा-पंधरा मिनिटं सावकाश फिरवा. मग किमान दोन तास हात लावू नका. निवळलेलं पाणी तळाच्या तोटीतून काढू नका, तिथे गाळ असतो. पाईपचं तोंड झाकण लावलेल्या रिकाम्या कॅनला बांधून पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे वरचंच पाणी उतरतं. शेवटचे २०-२५ सेंटिमीटर सोडून द्या.

पाणी पुरेसं निवळलं का, ते बघायला २०० लिटरचा ड्रम घ्या. तळाशी स्टीलची ताटली ठेवून काठोकाठ भरा. वरून ताटलीचा काठ स्पष्ट दिसला तर गढूळता साधारण ५ एनटीयूच्या (गढूळता मोजायचं एकक) आसपास आहे, क्लोरीन टाकायला हरकत नाही. दिसला नाही तर आधी पुन्हा निवळा. गाळ असताना टीसीएल कितीही ओता, जंतू मातीच्या कणांआड राहतात आणि क्लोरीन त्या गाळावरच खर्ची पडतो.

सुती_गमछा
माहिती एक नंबर. पन टीसीएल कितली टाकानी ते सांगा भो. आमच्याकडे तर वासावर टाकतात.

गाळ_आणि_क्लोरीन
वासावर टाकू नका, सांगतो.

ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. पिशवी उघडी राहिली किंवा दमट खोलीत पडून राहिली की ते २० टक्क्यांच्या खाली जातं, आणि पावडरीकडे पाहून हे ओळखता येत नाही. त्यामुळे '१००० लिटरला ५ ग्रॅम' हा पाठ केलेला आकडा ताज्या पावडरीलाच लागू पडतो. जुन्या पावडरीत तेवढ्याने काहीच होणार नाही. त्याऐवजी असं करा: ३० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवा, चुना पंधरा मिनिटं बसू द्या आणि वरचं स्वच्छ द्रावण घ्या. पावडर ताजी असेल तर हे साधारण १ टक्क्याचं द्रावण झालं. २० लिटरच्या चार बादल्या निवळलेल्या पाण्याने भरून त्यांत २, ४, ६, ८ मिली टाका. त्या अनुक्रमे लिटरला १, २, ३, ४ मिलिग्रॅम झाल्या. झाकून अर्धा तास ठेवा. मग प्रत्येक बादलीतलं पाणी क्लोरोस्कोपमध्ये (रंगावरून क्लोरीन मोजायच्या किटमध्ये) बघा. ज्या बादलीत ०.५ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन दिसतं, तो तुमचा डोस. समजा ती ४ मिलीची बादली निघाली, तर २००० लिटरला ४०० मिली द्रावण. पावडर जुनी असेल तर पुढच्या बादलीत शिल्लक दिसेल, म्हणजे जुनेपणाचा हिशोब आपोआप होतो. चारही बादल्यांत शून्य आलं तर ती पावडर फेकायच्या लायकीची आहे.

ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून करायची हीच क्लोरीन चाचणी) करताना एक गोष्ट सगळेच चुकवतात. थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत जो पिवळा रंग येतो तोच मोकळा क्लोरीन. बोलत बोलत पाच मिनिटांनी पाहिलं तर रंग गडद दिसतो, कारण तोवर अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीनही रंग देतो. तो जंतू मारायला फार दुबळा असतो. शक्य असेल तर गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्या. चाचणीचं पाणी परत टाकीत ओतायचं नाही.

टाकीत ०.५ असलं तरी घरच्या कॅनमध्ये किमान ०.२ मिळालं पाहिजे. तिथे शून्य आलं तर दोष कॅनच्या स्वच्छतेत आहे. रुंद तोंडाच्या पातेल्यात हात बुडवून पाणी घेतलं की सगळी मेहनत फुकट. कुटुंबाला १० ते २० लिटरचे, अरुंद तोंडाचे, झाकणाचे दोन कॅन हवेत. गोळ्या वाटणार असाल तर ६७ मिलिग्रॅमची गोळी २० लिटर स्वच्छ पाण्याला एक, असं कॅनवरच लिहून द्या. घागरीला एक, ग्लासाला एक असा प्रकार होतो.

गिरणाकाठ_ठिबक
टीसीएलचं बरोबर आहे, पण तुमच्याकडे ठिबकचं सामान आहे ते का विसरता? वाळूचा फिल्टर आहे, स्क्रीन फिल्टर आहे, व्हेंच्युरी (वाहत्या पाण्याच्या ओढीने खत आत घेणारा भाग) आहे, एचडीपीई पाईप आहे. सौरपंप जोडला की वाहत्या पाण्यात गाळणही होतं आणि व्हेंच्युरीने क्लोरीनही ओढलं जातं. टाकीत ढवळत बसायची गरज काय?

आणि पाणी नदीचंच का? पूररेषेच्या वरच्या शेतातल्या विहिरीचं पाणी मुळातच नितळ असतं. तिथून ६३ मिमी एचडीपीई पाईप टाकला आणि सेकंदाला दीड लिटर पाणी पाठवलं, तर १०० मीटरला साधारण एक मीटर दाब खर्ची पडतो. शाळा ८०० मीटरवर असेल तर ८ मीटर. ५ एचपीच्या पंपाला हे काहीच नाही. ४५०० लिटर पन्नास मिनिटांत शाळेत. मात्र त्याच पाईपमधून दुप्पट प्रवाह ढकलायला गेलात तर दाबाचा खर्च साडेतीन पटीच्या वर जातो, म्हणून घाई नको.

गाळ_आणि_क्लोरीन
विहिरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तोच पहिला पर्याय असावा. नितळ विहीर मिळाली तर तुरटीचं सगळं प्रकरणच वाचतं, फक्त क्लोरीन राहतं. पण फिल्टर आणि व्हेंच्युरीबाबत दोन गोष्टी.

ठिबकचा स्क्रीन किंवा डिस्क फिल्टर १०० ते १३० मायक्रॉनचा असतो. तो ड्रिपर चोंदू नये म्हणून असतो. मातीचा कण त्याहून शंभरेक पट लहान, जंतू तर एखाद्या मायक्रॉनचा. त्यातून गेलेलं पाणी दिसायला बरं, प्यायला नाही. वाळूचा फिल्टर कामाचा आहे, पण वेगळ्या वेगाने. शेतात त्याच्या एक चौरस मीटर वाळूतून तासाला ४० ते ६० हजार लिटर पळवतात. पिण्याच्या पाण्याच्या जलद वाळू गाळणीत हाच वेग ५००० लिटरच्या आसपास असतो. म्हणजे २० इंची टाकीच्या फिल्टरमधून तासाला १००० लिटरच सोडा, बाकीचं पाणी बायपासने विहिरीत परत. पंपाचा पूर्ण प्रवाह बॅकवॉशला (उलट्या प्रवाहाने वाळू धुवायला) वापरा, तिथे तो जोर हवाच. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या दाबात अर्धा किलोचा फरक दिसला की बॅकवॉश. आणि नदीचं पाणी असेल तर फिल्टरच्या आधी तुरटी लागतेच, नाहीतर काळी माती वाळूतून आरपार जाते.

व्हेंच्युरी नको. ढग आला की सौरपंपाचा प्रवाह अर्धा होतो, दाबाचा फरक पडतो आणि व्हेंच्युरी ओढायचं थांबते. पुढची ५०० लिटर बिनक्लोरीनची टाकीत जातात आणि कुणाला कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याच व्हेंच्युरीतून आणि खताच्या टाकीतून युरिया, अमोनियम सल्फेट, फॉस्फोरिक ॲसिड गेलेलं असतं. ॲसिडशी टीसीएल मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया किंवा युरियाशी मिसळली तर क्लोरामाईन होतात आणि जास्त प्रमाणात स्फोटकही होऊ शकतं. खताची टाकी, फवारणीचा पंप किंवा त्याचा टँकर पिण्याच्या पाण्याजवळ आणूच नका. पाईपही नवा, किंवा निव्वळ पाण्याच्या मेन लाईनचा. क्लोरीन टाकीत मोजूनच टाकायचं.

गिरणाकाठ_ठिबक
व्हेंच्युरीचा मुद्दा पटला. फिल्टरमधली जुनी वाळू मात्र आधी बाहेर काढून धुवा. तिच्यातही खताचा अंश आणि शेवाळ असतं.

सोलार_शहादा
आता विजेचं.

रूफटॉपवर भिस्त ठेवू नका. घरांवरचे बहुतेक संच ऑनग्रिड, म्हणजे वीजलाईनला जोडलेले आहेत. महावितरणची लाईन गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, कडक ऊन असलं तरी. तो दोष नाही. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. बॅटरीचा हायब्रिड संच असेल तरच चालेल. आणि जनरेटर घराच्या सॉकेटमधून उलटा जोडायचा उद्योग कुणी केला तर त्याला तिथेच थांबवा. चेंजओव्हर स्विच नसताना ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून लाईनवरच्या माणसाला मारते. जनरेटर वर्गखोलीत किंवा ओसरीत तर अजिबात नको, धुराने माणसं झोपेतच दगावतात.

शेतातल्या सौरपंपाचे पॅनल काढून शाळेत आणण्याचा विचारही नको. ते एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, तारेत ३००-४०० व्होल्ट डीसी असतो आणि उजेड आहे तोवर तो बंद करता येत नाही. चालू प्रवाहात कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही, हात भाजतो. शिवाय 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेतला संच असेल तर छेडछाडीने दुरुस्तीची हमी जाते. बहुतेक कंट्रोलर मोटरपुरतेच असतात, मोबाईल चार्जिंगची सोय त्यात धरू नका. त्यातून फक्त पाणी घ्या, सकाळी नऊ ते चार या वेळेत. झडीच्या दिवशी पंप कधी चालेल याचा भरवसा नाही, म्हणून ऊन दिसलं की टाकी भरायची, 'दुपारी भरू' म्हणायचं नाही.

शाळेसाठी स्वतंत्र छोटा संच करा. सात वॅटचे बारा डीसी दिवे दहा तास म्हणजे ८४० वॅट-तास. ४० मोबाईल, प्रत्येकी १५ धरून ६००. एकूण साधारण १४५०. उन्हाळ्यात ५४० वॅटचं एकच पॅनल याला पुरलं असतं. पण पूर झडीत येतो, तेव्हा दिवसाला दोन तासच पूर्ण ऊन धरा आणि ३० टक्के घट सोडा. दोन पॅनल: १०८० गुणिले २ गुणिले ०.७, म्हणजे सुमारे १५०० वॅट-तास. जेमतेम जमतं. बॅटरी २४ व्होल्ट १०० ॲम्पिअर-तास लिथियम फॉस्फेट, २५०० वॅट-तासांच्या आसपास. म्हणजे ऊन बिलकुल नसलं तरी दीड रात्र निघते.

चुका कुठे होतात ते सांगतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला साधा पीडब्ल्यूएम (पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर आणणारा स्वस्त) चार्ज कंट्रोलर लावून ५४० वॅटचं पॅनल जोडतात. ते पॅनल ४१ व्होल्टला १३ ॲम्पिअर देतं. पीडब्ल्यूएम त्याला खेचून १३ व्होल्टवर आणतो, हातात १७० वॅट उरतात. एमपीपीटी (पॅनलची पूर्ण ताकद काढणारा) कंट्रोलरच घ्या, ४० ते ५० ॲम्पिअरचा. दोन पॅनल सिरीजमध्ये लावले तर खुला (भार नसतानाचा) व्होल्टेज १०० च्या जवळ जातो. १०० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर लावला तर पहिल्याच थंड सकाळी जळेल, १५० व्होल्टचा हवा. पॅनलपासून कंट्रोलरपर्यंत २० मीटर तार ४ चौरस मिमीची चालते, तीन टक्के तूट. पण बॅटरीपासून कंट्रोलर मीटरभरात आणि १६ चौरस मिमी जाड तारेने जोडा, फ्यूजसह. तीच बारीक तार तिकडे वापरली तर ४० ॲम्पिअरला ती तापते आणि दाबही वाया जातो.

पुरात बुडालेलं पॅनल उन्हात जिवंतच असतं. काच फुटली असेल तर हात लावायच्या आधी जाड ताडपत्रीने झाका.

अक्राणी_डोंगर
तापीकाठची गणितं नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांना जशीच्या तशी लावू नका, एवढंच सांगायला आलो. तिथे दरड पडून रस्ता तुटतो आणि सामान डोक्यावर जातं. ५४० वॅटचं पॅनल सव्वादोन मीटर लांब आणि २७-२८ किलोचं, पायवाटेवर वाऱ्यात माणसालाच ओढून नेतं. १०० वॅटची चार-पाच छोटी पॅनल न्या. १२ व्होल्टची, दीडशे ॲम्पिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोच्या वर, १०० ची लिथियम १२ किलोच्या आसपास. पाण्याला पंप लागतच नाही, झरा पाड्याच्या वर असेल तर पाईपने उताराने येतं. झऱ्याच्या वरच्या बाजूला गुरं बांधलेली नकोत आणि पावसानंतर पाणी गढूळ झालं तर ते काही तास सोडून द्यायचं. बाटलीत पाणी भरून उन्हात ठेवायची पद्धत पावसाळ्यात धरू नका, ढगाळ असेल तर दोन दिवस लागतात आणि गढूळ पाण्यावर ती चालतच नाही. सरपण कोरडं असेल तर उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं.

तापीकाठ_यावल
सगळ्यांचे आभार. दोनच शंका. गावातल्या जुन्या विहिरीत पुराचं पाणी शिरलं तर ती नंतर कशी साफ करायची? आणि दोन टाक्या शाळेत आहेत, त्या पुरेशा का?

गाळ_आणि_क्लोरीन
विहीर पूर ओसरल्यावरच. आधी उपसा, गाळ काढा, कठडा घासा. मग झऱ्याने पाणी भरू द्या आणि मोजा. व्यास ६ मीटर, पाणी ४ मीटर असेल तर ०.७८५ गुणिले ३६ गुणिले ४ म्हणजे ११३ घनमीटर, १ लाख १३ हजार लिटर. लिटरला १० मिलिग्रॅम द्यायला ३३ टक्क्यांची पावडर सुमारे साडेतीन किलो. बादलीत कालवून, चुना बसवून, वरचं द्रावण सगळीकडे ओता, बादली खालीवर करून मिसळा. २४ तास कुणी पाणी घ्यायचं नाही. मग उपसून टाका, शिल्लक ०.५ वर आल्यावर वापर सुरू. तरी एचटूएसची (पाण्यातले जंतू तपासायची) बाटली भरून ठेवा. २४ ते ४८ तासांत काळी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. विहिरीत कीटकनाशकांचा साठा किंवा डिझेल मिसळल्याचा संशय असेल तर हे सगळं व्यर्थ, क्लोरीन ते काढत नाही. त्या विहिरीवर फळी ठोका.

नळयोजना सुरू झाली तरी पहिलं पाणी पिऊ नका. लाईन रिकामी असताना गळतीच्या जागांतून चिखल आत ओढला जातो. शेवटच्या टोकाची व्हॉल्व्ह उघडून नितळ पाणी येईपर्यंत वाहू द्या, मग तिथे क्लोरीन तपासा.

टाक्या: २१०० लिटरसाठी एक निवळायला, एक वाटपाला, अशा दोन पुरतात, पण निवळायची टाकी ओट्यावर उंच ठेवा, म्हणजे वाटपाच्या टाकीत पंपाशिवाय उतरतं. दिवसातून दोन भरणी धरा. ३०० माणसांना दोन तोट्या किमान, तीन असल्या तर रांगेत भांडण होत नाही. आणि हतनूरचा इशारा आला की दोन्ही टाक्या काठोकाठ भरून, क्लोरीन टाकून, दोरीने बांधून ठेवा. २००० लिटरची रिकामी प्लॅस्टिक टाकी वादळात ओट्यावरून उडते.